घोडेस्वारीच्या स्पर्धा आणि क्लबचे दायित्व: विम्याच्या कागदात मैदान कुठवर असते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपला क्लब तालुक्याच्या गावी आहे आणि येत्या हिवाळ्यात एका शिक्षणसंस्थेच्या मैदानावर दोन दिवस शो जंपिंग (घोड्यावरून अडथळे ओलांडणे), टेंट पेगिंग (दौडत्या घोड्यावरून भाल्याने जमिनीतली खुंटी उचलणे) आणि लहान मुलांच्या जिमखाना स्पर्धा (घोड्यावरचे खेळ) घेण्याचे आपण ठरवले आहे. साठेक घोडे आणि दोन हजारांच्या आसपास प्रेक्षक येतील असा आपला अंदाज आहे. संस्थेने मैदान देताना एक कोटी रुपयांचा दायित्व विमा दाखवण्याची आणि संस्थेवर काही दावा आल्यास तो क्लबने भरून देण्याचे लिहून देण्याची अट घातली आहे. आपल्या कार्यकारिणीतील काही जणांचे मात्र म्हणणे आहे की, प्रत्येक स्वाराकडून ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर भाग घेत आहे’ असे लिहून घेतले की विम्यावर खर्च करण्याचे कारण उरत नाही. उद्घाटनाला ढोलताशा आणि आतषबाजी ठेवली तर विम्यावर परिणाम होईल का, हेही आपण विचारले आहे.

मी पुण्यात गेली बावीस वर्षे लायबिलिटी, म्हणजे दायित्व विम्याचे काम करतो. त्यापूर्वी काही वर्षे मी स्वतः घोड्यावर बसत असे, त्यामुळे या विषयाच्या दोन्ही बाजू मला थोड्याफार ठाऊक आहेत. सर्व उत्तराच्या मुळाशी असलेली गोष्ट आधी सांगतो. विमा कंपनीचा माणूस आपली स्पर्धा पाहायला येत नाही. तो आपला प्रपोजल फॉर्म, म्हणजे विम्यासाठीचा अर्ज, वाचतो. त्या फॉर्मवर जी स्पर्धा लिहिलेली असते तिचाच विमा उतरतो, आणि मैदानावर प्रत्यक्ष झालेली स्पर्धा त्यापेक्षा जितकी वेगळी असेल तितका भाग क्लबच्या अंगावर राहतो. मी पाहिलेल्या वादांपैकी बहुतेकांचे कारण विमा नव्हता हे नसून, विमा होता पण तो दुसऱ्याच कशाचा तरी होता, हे आहे.

एक प्रसंग सांगतो. त्यातील क्लब, कंपनी आणि गाव यांची नावे घेण्याची गरज नाही. जिल्हा पातळीवरच्या एका स्पर्धेत सकाळी साडेसातला ट्रकमधून घोडी उतरवली जात होती. शेजारच्या मंगल कार्यालयात अचानक बँड सुरू झाला, घोडी बुजली, मोतद्दाराच्या, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याच्या, हातून काढणी सुटली आणि ती पार्किंगच्या उघड्या फाटकातून थेट राज्यमार्गावर गेली. तिला चुकवताना एक दुचाकीस्वार घसरला आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. क्लबकडे पॉलिसी होती, हप्ता भरलेला होता, मर्यादाही पुरेशी होती. पण पॉलिसीत ‘विमासंरक्षित जागा’ या रकान्यात सचिवांनी ‘मुख्य रिंगण व प्रेक्षक गॅलरी’ एवढेच लिहिले होते. अपघात पार्किंगमध्ये सुरू झाला, रस्त्यावर घडला, आणि स्पर्धेची अधिकृत वेळ नऊची होती. पुढची तीन वर्षे पत्रव्यवहारात गेली आणि अखेर तडजोडीची निम्म्याहून अधिक रक्कम क्लबच्या सदस्यांनी वर्गणी काढून दिली. त्या घोडीने रिंगणात पाऊलसुद्धा ठेवलेले नव्हते.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की, फॉर्म हातात घेण्यापूर्वी सचिवांनी आणि मैदान आखणाऱ्या व्यक्तीने एकदा पायी फेरी मारावी आणि प्रत्येक ठिकाणी उभे राहून एकच प्रश्न विचारावा: इथून घोडा मोकळा सुटला तर तो कुठे जाईल? उधळलेला घोडा बहुधा आपल्या ओळखीच्या घोड्यांकडे, आपल्या ट्रककडे किंवा ज्या वाटेने आला त्या वाटेकडे पळतो. म्हणजे तो बहुतेक वेळा तात्पुरत्या पागेकडे नाहीतर फाटकाकडे जातो. या फेरीतून जो नकाशा तयार होतो त्यात मुख्य रिंगण, सरावाचे रिंगण, तात्पुरती पागा, घोडे उतरवण्याची जागा, पाण्याचे हौद, प्रेक्षकांची जागा, वाहनतळ, आणि पागेपासून रिंगणापर्यंतची वाट, ती सार्वजनिक रस्ता ओलांडत असेल तर तेवढ्या रस्त्यासह, हे सर्व आले पाहिजे. हा नकाशा फॉर्मला जोडावा आणि पॉलिसीत ‘जोडलेल्या नकाशाप्रमाणे, तसेच तेथून निसटलेल्या घोड्यामुळे लगतच्या रस्त्यांवर व जागांवर होणारी हानी’ असे शब्द घालून मागावेत. आपल्याकडच्या सर्वसाधारण पब्लिक लायबिलिटी पॉलिसीचे मूळ शब्द विमासंरक्षित जागेत घडलेल्या अपघाताभोवती बांधलेले असतात. कारखाना, हॉटेल, सभागृह यांना ते पुरतात, कारण कारखान्यातले यंत्र फाटक ओलांडून पळत नाही. तसेच मुदत ‘स्पर्धेचे दोन दिवस’ अशी न धरता पहिला घोडा उतरण्यापासून शेवटचा घोडा चढेपर्यंत, म्हणजे आपल्या बाबतीत किमान चार दिवसांची धरावी. अडथळे उभारणारे आणि मंडप घालणारे लोक त्याही आधी येतात.

आता संमतिपत्राकडे वळतो, कारण कार्यकारिणीतला वाद त्यावरच आहे. संमतिपत्र निरुपयोगी नाही. स्वाराने खेळातील स्वाभाविक धोका जाणून स्वीकारला होता, याचा तो चांगला पुरावा आहे. घोडा अडथळ्यापुढे थबकला आणि स्वार पुढे फेकला गेला, तर हा खेळाचाच भाग आहे, आणि जाणूनबुजून पत्करलेल्या धोक्याबद्दल भरपाई मागता येत नाही हे तत्त्व आपली न्यायालयेही मानतात. पण अडथळ्याचा खांब ज्या कपात टेकतो तो कप गंजून अडकलेला असल्यामुळे खांब पडलाच नाही आणि घोडा त्यावर कोसळला, तर तो खेळाचा धोका नव्हे. ती आयोजकाची हयगय आहे. हयगयीचा धोका स्वाराने स्वीकारला असे म्हणता येत नाही, आणि शुल्क घेऊन दिलेल्या सेवेतील हयगय ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटी म्हणून मांडता येते. तिथे छापील ओळीने जबाबदारी झटकण्याचा प्रयत्न क्लबच्या बाजूने फार काही करत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत तर संमतिपत्राचा आधार जवळजवळ नाहीच. अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरीबीबी विरुद्ध धरमोदास घोष या प्रकरणात सांगितले आणि आजही तोच कायदा आहे. पालकाची सही घ्यावी, जरूर घ्यावी, कारण मुलाचा अनुभव, आजार, ॲलर्जी, रक्तगट ही माहिती त्यातून मिळते. पण पालकाच्या सहीने मुलाचा स्वतःचा भरपाईचा हक्क संपतो असे गृहीत धरून नियोजन करू नये. शिवाय मुदत कायदा, १९६३ च्या कलम ६ व ८ प्रमाणे अज्ञान व्यक्तीसाठी दाव्याची मुदत ती सज्ञान झाल्यावर मोजली जाते. आज अकरा वर्षांची असलेली स्पर्धक दहा वर्षांनंतरही दावा आणू शकते, हे लक्षात ठेवून मुलांच्या स्पर्धांचे कागद कपाटात ठेवावेत, रद्दीत देऊ नयेत.

संमतिपत्राची खरी मर्यादा मात्र वेगळीच आहे: ते फक्त स्वार देतो. प्रेक्षक देत नाही, रस्त्यावरचा दुचाकीस्वार देत नाही, शेजारच्या शेतात ज्याचा ऊस तुडवला गेला तो शेतकरी देत नाही. प्रेक्षकांबद्दल एक जुना इंग्रजी निर्णय या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर १९५९ मध्ये झालेल्या अश्वप्रदर्शनात एक छायाचित्रकार रिंगणाच्या कडेला उभा होता. ‘वर्क ऑफ आर्ट’ नावाचा घोडा कोपऱ्यावर वेगाने वळताना बाहेर आला आणि त्याची धडक या माणसाला बसली. वुल्डरिज विरुद्ध समनर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणात खालच्या न्यायालयाने भरपाई दिली, परंतु अपील न्यायालयाने ती फिरवली. चुरशीच्या क्षणी स्वाराच्या अंदाजात झालेली चूक प्रेक्षकाने गृहीत धरायला हवी, मात्र प्रेक्षकाच्या सुरक्षेची बेपर्वाई गृहीत धरण्याचे कारण नाही, असा त्याचा मथितार्थ आहे. आपल्याकडे असे निर्णय बंधनकारक नाहीत, पण त्यांचा आधार घेतला जातो. क्लबच्या सचिवांना हा निर्णय सांगितला की ते खूश होतात, आणि तिथेच मला त्यांना थांबवावे लागते. तो वाद स्वाराच्या कृतीबद्दल होता. दोर कुठे बांधला, प्रेक्षक वळणाच्या बाहेरच्या बाजूला का बसवले, टेंट पेगिंगच्या धावपट्टीच्या शेवटी वेगात येणाऱ्या घोड्यासमोर लोक उभे राहू शकत होते का, हे प्रश्न आयोजकाचे आहेत आणि ‘चुरशीचा क्षण’ हे त्यांचे उत्तर होत नाही, कारण दोर आदल्या दिवशी शांतपणे बांधलेला असतो. ‘घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये’ हे आपल्याकडे सर्वांना पाठ असते. तरी सेल्फीसाठी घोड्याच्या मागे उभा राहणारा माणूस प्रत्येक स्पर्धेत असतोच. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गर्दी आणि घोडे एकमेकांत मिसळून वावरतात, पण तिथले बहुसंख्य लोक घोडा ओळखणारे असतात. आपल्या मैदानावर येणारी शाळेची मुले आणि त्यांचे पालक तसे नसतील.

आता पॉलिसी कोणती घ्यावी. प्रथम एक गैरसमज दूर करतो. काही क्लब ‘पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स ॲक्टची पॉलिसी’ मागतात. १९९१ चा तो कायदा भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर आला आणि तो घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी आहे. घोडा कितीही तापट असला तरी त्या यादीत येत नाही. आपल्याला हवी ती बिगर-औद्योगिक पब्लिक लायबिलिटी पॉलिसी, किंवा सोहळ्यांसाठीच्या इव्हेंट पॉलिसीतला लायबिलिटीचा विभाग. इव्हेंट पॉलिसीत स्पर्धा रद्द होणे, मंडप व सामानाचे नुकसान असे इतरही विभाग असतात. पैसे मोजके असतील तर ते सोडावेत आणि लायबिलिटीवर खर्च करावा. प्राणी, क्रीडास्पर्धा आणि स्पर्धक यांबाबतचे अपवाद मात्र दोन्हींत शोधून वाचावेत. ‘घोड्यांच्या शर्यती व तत्सम’ असा अपवाद असेल आणि ‘तत्सम’मध्ये शो जंपिंग येते की नाही याबद्दल शंका असेल, तर विक्री प्रतिनिधीच्या तोंडी आश्वासनावर न राहता एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली लेखी दुरुस्ती, मागावी.

पॉलिसी ‘तिऱ्हाइता’ला, म्हणजे विमाधारक व विमा कंपनी सोडून इतर कोणाला, होणारी इजा आणि त्याच्या मालमत्तेचे नुकसान भरून देते, आणि सगळी गुंतागुंत तिऱ्हाईत कोण या शब्दात आहे. क्लबचे पगारी मोतद्दार तिऱ्हाईत नाहीत. त्यांच्यासाठी कर्मचारी नुकसानभरपाईचा वेगळा विमा लागतो, आणि १९२३ च्या कायद्यातली ती जबाबदारी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आलेली आहे. बाहेरच्या मालकांबरोबर आलेले मोतद्दार त्यांच्या मालकांचे कर्मचारी; परंतु क्लबच्या हयगयीमुळे त्यांना इजा झाली तर ते क्लबच्या दृष्टीने तिऱ्हाईत ठरतात, आणि तसे पॉलिसीत स्पष्ट असावे. अडथळे उचलणारे महाविद्यालयीन स्वयंसेवक हा सर्वांत दुर्लक्षित गट आहे. ते ना पगारी, ना प्रेक्षक, आणि धोक्याच्या सर्वांत जवळ तेच असतात. त्यांची संख्या व काम फॉर्मवर लिहून त्यांना तिऱ्हाईत म्हणून धरल्याचे लेखी घ्यावे, आणि शिवाय त्यांच्यासाठी सामूहिक वैयक्तिक अपघात विमा घ्यावा.

स्वारांना बहुतेक पॉलिसी ‘स्पर्धक’ म्हणून वगळतात. काही कंपन्या क्लबच्या हयगयीपुरती स्पर्धकांबाबतची जबाबदारी जादा हप्त्यावर घेतात. मागून पाहावी, आणि नाही मिळाली तर कार्यकारिणीच्या इतिवृत्तात तसे नोंदवावे, म्हणजे पुढे कोणी अंधारात होतो असे म्हणणार नाही. स्वारांच्या उपचारांसाठी वैयक्तिक अपघात विमा हा वेगळा विषय आहे. त्यात साहसी खेळांचा अपवाद आहे का, हे पाहावे. आरोग्य विम्याबद्दल स्वार नेहमी घाबरून विचारतात, म्हणून सांगतो: विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित शब्दांत साहसी खेळांचा अपवाद ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेण्यापुरता आहे आणि उदाहरणांत घोड्यांच्या शर्यतीचे नाव आहे. हौशी स्वाराने शो जंपिंगमध्ये हाड मोडून घेतले म्हणून त्याचा आरोग्य विमा आपोआप नाकारला जाऊ नये. पगार घेऊन इतरांचे घोडे खेळवणाऱ्या स्वाराची गोष्ट निराळी.

तात्पुरत्या पागेतले साठ घोडे हा आणखी एक मोठा खड्डा आहे. आपल्या ताब्यात व देखरेखीखाली असलेल्या दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान पब्लिक लायबिलिटीत सहसा वगळलेले असते. कापडी मंडप, पेंढा, लोंबकळणारी वायर आणि रात्री शेगडी पेटवून बसलेली माणसे हे मिश्रण मी एवढ्या ठिकाणी पाहिले आहे की, त्या मानाने आगी कमी लागतात याचेच आश्चर्य वाटते. परदेशातून आणलेल्या एकेका घोड्याची किंमत अनेक लाखांत असते. यावर दोन उपाय आहेत: एक तर ‘ताबा व देखरेख’ यासाठी ठरावीक रकमेचे वाढीव संरक्षण घ्यावे, किंवा पागा फक्त जागा म्हणून दिली असून घोड्यांचा ताबा, चारा आणि रात्रीची राखण मालकाकडेच आहे, असे प्रवेशिकेत लिहावे आणि खरोखरच तसे वागावे. क्लबच्या माणसाने रात्री घोडे बांधायचे आणि कागदावर ताबा मालकाचा, असे चालत नाही. घोड्याच्या मृत्यूचा विमा हा मालकाने स्वतंत्रपणे घेण्याचा विषय आहे. ग्लँडर्ससारख्या, माणसालाही होऊ शकणाऱ्या रोगाचा प्रसार हाही बहुधा वगळलेलाच असतो. तिथे विम्यापेक्षा फाटकावर पशुवैद्यकाने तपासलेले दाखले अधिक कामाचे.

यापुढचा मुद्दा कंटाळवाणा आहे, पण आपल्या प्रश्नात तो आलाच नाही म्हणून त्यावर थांबतो. आपल्याकडची पब्लिक लायबिलिटी पॉलिसी साधारणपणे ‘क्लेम्स मेड’ पद्धतीची असते. अपघात मुदतीत घडला एवढे पुरत नाही; दावाही मुदतीत आला पाहिजे, अशी त्या पद्धतीची मूळ मांडणी आहे. वर्षाची पॉलिसी दरवर्षी खंड न पडता नूतनीकरण होत असेल तर हे निभते. चार दिवसांच्या पॉलिसीत मात्र हा सापळा आहे, कारण हाड मोडलेला माणूस चौथ्या दिवशी वकिलाची नोटीस पाठवत नाही. त्याला कायद्याने वर्षे मिळतात, मृत्यू झाल्यास प्राणघातक अपघात कायदा, १८५५ खालच्या दाव्यालाही दोन वर्षे मिळतात. म्हणून अल्प मुदतीची पॉलिसी घेताना दावा कळवण्याची वाढीव मुदत लेखी मागावी, आणि मुदतीत कळवलेल्या घटनेतून पुढे केव्हाही दावा उद्भवला तरी तो त्याच पॉलिसीत धरला जाईल, हे कलम आहे ना ते पाहावे. मग किरकोळ वाटणारी प्रत्येक घटना, लाथ, चावा, दोरात अडकून पडलेली वृद्ध बाई, मुदत संपण्यापूर्वी ई-मेलने कळवून टाकावी. आपला क्लब वर्षभर स्वारीचे वर्ग चालवत असेल तर माझा सल्ला सरळ आहे: वार्षिक पॉलिसी घ्या आणि स्पर्धा तिच्यात एंडॉर्समेंटने जोडा.

मर्यादा किती घ्यावी? संस्थेने मागितलेला एक कोटीचा आकडा कुठून आला हे विचारले तर बहुधा उत्तर मिळणार नाही. आपण हिशेब करून पाहू. बत्तीस वर्षांची, कायम नोकरीतील, वर्षाला बारा लाख मिळवणारी व्यक्ती प्रेक्षक म्हणून आली आणि मृत्युमुखी पडली. घरात चार अवलंबित आहेत. मोटार अपघातांसाठी सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निर्णयांत घालून दिलेली रीत इतर अपघातांतही मार्गदर्शक म्हणून वापरली जाते. भविष्यातील वाढीसाठी ५० टक्के मिळवले की १८ लाख, स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की १३.५ लाख, आणि या वयासाठी ठरलेला गुणक, म्हणजे वार्षिक रकमेला ज्याने गुणायचे तो आकडा, १६. म्हणजे आयकर वगैरे बाजूला ठेवून सुमारे २ कोटी १६ लाख रुपये. एका माणसाचे. वकिलांचा खर्चही बहुधा त्याच मर्यादेतून जातो. त्यामुळे प्रत्येक अपघातासाठी किमान तीन कोटींची मर्यादा घ्यावी असे माझे मत आहे. पॉलिसीत दोन आकडे असतात, एका अपघातासाठीचा आणि पूर्ण मुदतीसाठीचा. दोन दिवसांच्या स्पर्धेला दोन्ही सारखे असले तरी चालते, म्हणून दुसरा आकडा वाढवण्यापेक्षा पहिला वाढवावा. एक कोटीवरून तीन कोटींवर गेल्याने हप्ता तिप्पट होत नाही. प्रत्येक दाव्यात क्लबने स्वतः सोसायची रक्कम, म्हणजे एक्सेस, किती आहे तेही विचारावे, आणि हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो हे अंदाजपत्रकात धरावे.

संस्थेला लिहून द्यायच्या हमीबद्दल मी सर्वाधिक सावध राहीन. ‘संस्थेवर कोणताही दावा आल्यास क्लब भरपाई देईल’ या वाक्यात संस्थेची स्वतःची चूकही येते. संस्थेची जीर्ण भिंत पडून माणूस दगावला तरी ती जबाबदारी क्लबने अंगावर घेतल्यासारखे होते, आणि केवळ करारामुळे ओढवून घेतलेली जबाबदारी पॉलिसीत वगळलेली असते. म्हणजे संस्थेच्या चुकीची भरपाई क्लबच्या तिजोरीतून. ते वाक्य ‘क्लबच्या अथवा क्लबच्या माणसांच्या हयगयीमुळे उद्भवलेला दावा’ इतके आखडून घ्यावे, आणि त्याऐवजी संस्थेला पॉलिसीत सहविमाधारक म्हणून नाव द्यावे, दोघांना एकमेकांविरुद्धही तिऱ्हाईत मानणाऱ्या कलमासह. संस्थेच्या वकिलांना हे समजावले तर ते सहसा मान्य करतात, कारण त्यांना खरे संरक्षण यातूनच मिळते.

कार्यकारिणीच्या सदस्यांच्या व्यक्तिगत जबाबदारीबद्दल थोडे. क्लब संस्था नोंदणी कायदा, १८६० खाली नोंदलेला असेल तर संस्थेविरुद्धचा हुकूमनामा संस्थेच्या मालमत्तेवर बजावला जातो, पदाधिकाऱ्याच्या घरावर नव्हे. नोंदणीच नसेल तर हा आडोसा नाही, आणि मग स्पर्धेआधी विम्याइतकीच नोंदणीही निकडीची आहे. फौजदारी जबाबदारीला मात्र कोणताच आडोसा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे ताब्यातील प्राण्यापासून संभाव्य धोका टाळण्यासाठी पुरेशी काळजी न घेणे हा गुन्हा आहे, आणि हयगयीने मृत्यू झाल्यास कलम १०६ लागू शकते. दंड कोणतीही लायबिलिटी पॉलिसी भरत नाही.

खाण्याचे स्टॉल असतील तर अन्नविषबाधेची जबाबदारी जोडून घ्यावी आणि स्टॉलवाल्यांचे परवाने पाहावेत. ड्रोनने चित्रण करणार असाल तर तो चालवणाऱ्याकडे स्वतःचा तिऱ्हाईत विमा असलाच पाहिजे. अगदी लहान नॅनो ड्रोन वगळता ड्रोन नियम, २०२१ ने तो बंधनकारक केला आहे, आणि क्लबच्या पॉलिसीत हवाई साधने वगळलेली असतात. घोडे आणणारे ट्रक मोटार विम्यात येतात.

अपघात झालाच तर पहिले काम जखमी माणसाचे. रुग्णवाहिका, डॉक्टर, रुग्णालयात सोबत माणूस. ‘जबाबदारी मान्य करू नका’ या पॉलिसीतल्या अटीचा अर्थ माणुसकी दाखवू नका असा नाही. रुग्णालयात भेटायला जावे, चौकशी करावी, पण ‘सगळा खर्च आमचा’ असे लिहून देऊ नये. त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवावे. तुटलेला तंग (खोगिराचा पट्टा), निसटलेली रिकीब (पाय ठेवायची कडी), स्वाराचे हेल्मेट, अडथळ्याचा कप हे जसेच्या तसे पिशवीत घालून त्यावर तारीख व सही टाकून ठेवावे. मोतद्दार सवयीने तंग शिवून टाकतो आणि पुरावा जातो. दोर व फाटकाची छायाचित्रे मैदान आवरण्यापूर्वी घ्यावीत. सर्व स्वारांना हेल्मेटची सक्ती असा आपला नियम असेल आणि सराव रिंगणात कोणी उघड्या डोक्याने फिरत असेल, तर तेच छायाचित्र एक दिवस क्लबविरुद्ध दाखल होईल, म्हणून सराव रिंगणावर एक जबाबदार व्यक्ती दिवसभर नेमावी. मुख्य रिंगणात पंच असतात. अपघात माझ्या अनुभवात सरावाच्या ठिकाणी अधिक होतात.

वेळापत्रकाबद्दल एवढेच की, विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४व्हीबी प्रमाणे हप्ता मिळाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. ‘कोटेशन आले आहे’ म्हणजे विमा झालेला नाही. घोड्यांच्या स्पर्धेचा प्रस्ताव स्थानिक शाखेतून वरच्या कार्यालयात मंजुरीला जातो, त्यामुळे किमान सहा आठवडे आधी फॉर्म द्यावा. मागच्या स्पर्धांत झालेले अपघात त्यात लिहावेत. लपवलेला एक अपघात पुढच्या मोठ्या दाव्याला नकार देण्याचे पुरेसे कारण ठरू शकतो.

राहिला ढोलताशा आणि आतषबाजीचा प्रश्न. ढोलताशा फॉर्मवर लिहून, घोडे मैदानात येण्यापूर्वी, पागेपासून दूर आणि आधी कळवलेल्या वेळी झाला तर अडचण नाही. मराठी मुलखातले पुष्कळ घोडे मिरवणुकीला सरावलेले असतात, पण बाहेरून येणारे सगळे तसे नसतील. आतषबाजी बऱ्याच पॉलिसींत वगळलेली असते आणि जादा हप्ता देऊन ती आत घेता येईलही. तरीही मी ती रद्द करण्यास सांगेन. साठ घोडे कापडी पागेत, पेंढ्यावर बांधलेले असताना आकाशात बाण सोडण्याची काळजी योग्य होती, हे नंतर कोणत्याही न्यायाधीशाला पटवून देणे मला जमणार नाही, आणि आपल्या वकिलांनाही जमणार नाही.